खुंटावर आधी कोण बसतो

एका बुरशीचा बंदोबस्त दुसऱ्या बुरशीकडून करून घेण्याचा इतिहास बहुधा १९३२ पासून सांगितला जातो. त्या वर्षी कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग यांनी ट्रायकोडर्मा ही बुरशी रायझोक्टोनिया या रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांना मारते, हे दाखवले. गोष्ट थरारक असल्याने मित्रबुरशी म्हटले की आजही शिकारच डोळ्यांपुढे येते. पण मोठ्या क्षेत्रावर भरवशाने चाललेल्या पहिल्या उपायांपैकी एक इंग्लंडच्या जंगलातला आहे, आणि त्यात मारामारीपेक्षा आधी जागा धरण्याला जास्त महत्त्व होते.

पूर्व इंग्लंडमधल्या थेटफर्डच्या रेताड माळावर १९२० च्या दशकात पाइनची लागवड सुरू झाली. झाडे वाढली, विरळणी झाली आणि तोडलेल्या खुंटांभोवतीची उभी झाडे ठिकठिकाणी मरू लागली. केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी १९५० च्या सुमारास कारण शोधले. फोमेस अ‍ॅनोसस या बुरशीचे बीजाणू हवेतून ताज्या कापावर पडतात, खुंटातून मुळांत उतरतात आणि मुळाला मूळ लागलेल्या शेजारच्या झाडात शिरतात. म्हणजे रोगाला वाट करून दिली ती विरळणीनेच! मात्र पेनिओफोरा जायजँटिया ही बुरशी खुंटावर आधी येऊन बसली असेल, तर फोमेसला तिथे शिरकाव मिळत नाही. ही पेनिओफोरा मेलेले लाकूड कुजवते, उभ्या पाइनला सहसा धक्का लावत नाही. १९६३ मध्ये रिशबेथ यांनी तिचे बीजाणू मुद्दाम खुंटावर सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. बीजाणू पाण्यात कालवायचे, कोणता खुंट माखला ते कळावे म्हणून त्यात रंग घालायचा आणि झाड पडताच ते पाणी कापावर लावायचे.

युरिया आणि बोरेटही हे काम करतात, असे कोणी म्हणेल. करतात, पण ते कापाचे रक्षण करून थांबतात. पेनिओफोरा लाकूड खात मुळांपर्यंत उतरते आणि फोमेसची शिदोरीच संपवते. हा धडा शेतीला लावण्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे: ताजा खुंट रिकामा असतो, शेतातली माती मात्र आधीच सूक्ष्मजीवांनी गजबजलेली असते. हे अगदी मान्य. म्हणूनच आपल्याकडे ट्रायकोडर्मा सबंध रानात उधळण्यापेक्षा हरभऱ्याच्या बियाण्याला चोळतात किंवा शेणखतात वाढवून देतात. कोवळ्या मुळावर अजून कोणाचा कब्जा नसतो, आणि शेणखतात तिला खायला मिळते. मर रोगाची फ्युजारियम मुळाच्या आत शिरल्यावर ट्रायकोडर्माची पुडी ओतून काही साधत नाही. ‘ट्रायकोडर्मा चालत नाही’ ही तक्रार बऱ्याचदा अशाच उशिरा केलेल्या वापरातून येते. दुसरी चूक याहून साधी: बियाण्याला आधी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावून त्यावरच ट्रायकोडर्मा चोळणे. ते औषध फ्युजारियमला मारते, तसेच ट्रायकोडर्मालाही.