पुस्तकातला ‘नॉर्मल’ नेमका कोणाचा?

जनावरांच्या रक्ता-लघवीच्या तपासण्यांवर संशोधन करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, पुस्तक कोणतं घ्यायचं? सीनियर सांगतात ‘शाल्म घे’, दुसरं कोणी म्हणतं ‘कोल्स पुरेसं आहे’, आणि लायब्ररीत कानेको सापडतं ते जुन्या आवृत्तीचं. यातलं एकही पुस्तक वाईट नाही. पण निवडायचं कशावरून हे कळायला या पुस्तकांचा थोडा इतिहास माहीत असावा लागतो. कारण त्यांच्यातली आकड्यांची कोष्टकं कुठल्या तरी गोठ्यातल्या, कुठल्या तरी सालातल्या जनावरांची आहेत, आणि आपण ती आपल्या जनावराला लावतो.

सुरुवात आपल्याच राज्यातून करू. मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचं. तीनच वर्षांनी, 1889 मध्ये, पुण्यात इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. पुढे ती मुक्तेश्वरला गेली, आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था तिच्यातूनच उभी राहिली. त्या काळाचा प्रश्न होता बुळकांडी, सर्रा, घटसर्प. म्हणजे जनावर कशाने मेलं आणि त्याचा जंतू कोणता. जिवंत जनावराच्या रक्तात हिमोग्लोबिन किती असावं, पांढऱ्या पेशी किती असाव्यात, हा प्रश्न नंतरचा.

त्या प्रश्नाची मोठी पुस्तकं आली ती 1960 च्या दशकात, आणि आली अमेरिकेतून. कॅलिफोर्नियात डेव्हिसला ऑस्कर शाल्म होते. कासदाह ओळखायची सीएमटी ही सोपी चाचणी तुम्ही केली असेल, तीही त्यांच्याच नावावर आहे. त्यांचं ‘व्हेटरनरी हिमॅटॉलॉजी’ 1961 ला आलं. 1963 ला कॉर्नेलियस आणि कानेको यांचं जैवरसायनाचं पुस्तक, 1967 ला एम्बर्ट कोल्स यांचं ‘व्हेटरनरी क्लिनिकल पॅथॉलॉजी’. शाल्मच्या 1975 च्या आवृत्तीवर नेमीचंद जैन हे नाव सहलेखक म्हणून दिसतं, आणि 1986 ची आवृत्ती तर जैन यांचीच.

या तिघांत फरक काय? शाल्म म्हणजे रक्तपेशींचा सखोल ग्रंथ. कानेको म्हणजे यकृत, मूत्रपिंड, क्षार, एन्झाइम यांचं रसायन. कोल्स म्हणजे दवाखान्यात बसून तपासणी कशी करायची आणि निकाल कसा वाचायचा. म्हणून ‘चांगलं कोणतं’ असं विचारू नका. ‘माझा प्रश्न कोणता’ असं विचारा. गोचीडतापावर काम असेल तर शाल्म, दुभत्या म्हशीच्या कीटोसिसवर असेल तर कानेको, नमुना घेण्यापासून शिकायचं असेल तर कोल्स.

आता खरा मुद्दा. या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा कोष्टकावर ‘नॉर्मल व्हॅल्यूज’ असं लिहायची पद्धत होती. 1969 मध्ये फिनलंडचे राल्फ ग्रेसबेक आणि नील्स-एरिक सारिस यांनी हा शब्दच नको म्हटलं. नॉर्मल म्हणजे निरोगी? सरासरी? की नेहमी आढळणारं? त्याऐवजी ‘रेफरन्स व्हॅल्यू’ म्हणा, म्हणजेच अमुक गटातल्या, अमुक पद्धतीने तपासलेल्या निरोगी जीवांचे आकडे. नाव बदललं की प्रश्नही बदलतो. ‘हे नॉर्मल आहे का’ याऐवजी ‘हे कोणाशी ताडून पाहतोय’ असं विचारावं लागतं.

नाव कागदावर बदलणं सोपं, तोंडात बसणं अवघड. बुलढाणा जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याचंच बघा. 1724 च्या ऑक्टोबरमध्ये इथे निजामउल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि विजयाची आठवण म्हणून गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. तीनशे वर्षं झाली, लोक साखरखेर्डाच म्हणतात. तिथे जुनं नाव टिकलं त्यात कोणाचं नुकसान नाही. आपल्याकडे मात्र ‘नॉर्मल’ टिकलं त्याची किंमत शेतकरी मोजतो.

कशी? साखरखेर्ड्याची एखादी शेळी घ्या. शेळीची लाल रक्तपेशी पाळीव सस्तन जनावरांत सगळ्यांत लहान, व्यास जेमतेम 4 मायक्रॉन. माणसाची 7 च्या वर. पेशीचं आकारमान पाहिलं तर माणसात 80 ते 100 फेमटोलिटर, शेळीत साधारण 16 ते 25. आता नमुना जवळ सोय नाही म्हणून माणसांच्या लॅबमध्ये गेला, आणि यंत्र माणसाच्या सेटिंगवरच राहिलं, तर त्यातल्या कित्येक पेशी यंत्राला दिसणारच नाहीत. धडधाकट शेळीच्या रिपोर्टवर लाल पेशी कमी येतील आणि समोर ‘लो’ छापलं जाईल. मग इंजेक्शनं, खर्च आणि बाजारात पडलेला भाव.

दुसरं उदाहरण म्हशीचं. याच जिल्ह्यात घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात रंगाने भुरी म्हैस पाळतात. ‘पूर्णाथडी’ म्हणून तिला स्वतंत्र जातीची राष्ट्रीय नोंदणी मिळाली ती 2023 साली. कॅलिफोर्नियातल्या 1961 च्या पुस्तकात तिचे आकडे शोधणं व्यर्थ आहे. आणि जातच कशाला, काळही आकडे बदलतो. खुद्द डेव्हिसच्याच संशोधकांनी 1957 पासून 2006 पर्यंतच्या गाईंच्या मर्यादा ताडून पाहिल्या. लिम्फोसाइटच्या मानाने न्यूट्रोफिलचं प्रमाण नव्या गाईंत जास्त निघालं. त्यांचा हा लेख 2010 ला आला.

तेव्हा कोष्टक उघडल्यावर आकड्याच्या आधी चार गोष्टी बघा.

एक, जनावरं कोणती? जात, वय, गाभण की भाकड, दुभती की नाही. वाढत्या वयात अल्कलाइन फॉस्फेटेज जास्तच असतं. घोडा उपाशी असला तरी त्याचं बिलिरुबिन चढतं.

दोन, किती जनावरं? 2012 ची अमेरिकन पशुवैद्यकीय क्लिनिकल पॅथॉलॉजी सोसायटीची मार्गदर्शक तत्त्वं निदान 120 निरोगी जनावरं असावीत असं सुचवतात. त्याहून कमी असतील तर हिशेबाची पद्धत बदलावी लागते.

तीन, पद्धत आणि एकक कोणतं? क्रिएटिनिन याफे पद्धतीने काढलं की एन्झाइमने, यावर आकडा बदलतो. जुन्या पुस्तकात एसजीओटी लिहिलंय ते आजचं एएसटी. जुन्या पुस्तकांत फॉस्फेटेजची एककंही वेगळी असतात, ती सरळ आजच्या रिपोर्टशी जुळवू नका.

चार, मर्यादा म्हणजे काय? निरोगी गटातले मधले 95 टक्के. म्हणजे 5 टक्के निरोगी जनावरं मुळातच बाहेर पडणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 चाचण्या एकाच निरोगी जनावराच्या केल्या, तर निदान एक तरी बाहेर यायची शक्यता 64 टक्के असते (0.95 चा विसावा घात 0.36, उरले 0.64). एका तारांकित आकड्यावर रोग ठरवायचा नाही, हे इथून येतं.

मग आपण काय करायचं? 120 म्हशी गोळा करणं प्रत्येकाला जमणार नाही. त्यासाठी मान्य असलेली छोटी रीत आहे. तुमच्या भागातली 20 निरोगी जनावरं निवडा, नीट तपासून, गोचीड आणि जंत नाहीत ना हे बघून. त्यांचे नमुने तुमच्याच यंत्रावर लावा. पुस्तकाच्या मर्यादेबाहेर 2 किंवा त्याहून कमी गेली तर ती मर्यादा वापरायला हरकत नाही. 3 किंवा जास्त गेली तर आणखी 20 घेऊन पुन्हा बघा. तरीही तेच आलं तर पुस्तकातला आकडा तुमच्या गोठ्याचा नाही.

आणि प्रबंधासाठी एक गोष्ट पक्की धरा. पुस्तकातलं कोष्टक म्हणजे तुमचा कंट्रोल ग्रुप नव्हे. आजारी जनावरं वैशाखातली साखरखेर्ड्याची आणि तुलना डेव्हिसच्या गाईंशी, असं असेल तर आलेला फरक रोगाचा, उन्हाचा की चाऱ्याचा हे तुम्हालाच सांगता येणार नाही. त्याच वस्तीतली, त्याच ऋतूतली निरोगी जनावरं सोबत घ्या.

पुस्तक विकत घ्यायचंच असेल तर नवी आवृत्ती घ्या, पण जुनी टाकू नका. पेशींची वर्णनं आणि रोगाच्या मागचा विचार जुन्यातही तितकाच कामाचा आहे, शिळे होतात ते आकडे. सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा वापरलेल्या प्रत्येक मर्यादेपुढे आवृत्तीचं साल, जनावरांची संख्या आणि पद्धत लिहून ठेवा. ज्या ओळीत यातलं काही लिहिता येत नाही, तिथे तुमचे 20 नमुने आधी लागतील.