सुटकेची विद्या

कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट महाराष्ट्रात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पकडून आणलेली ती स्त्री शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवली, एवढा तिचा सारांश. समकालीन विश्वसनीय साधनांत ही कथा सापडत नाही, हे इतिहासकारांनी सांगून झाले आहे. पण लोकांच्या मनातून ती जात नाही, आणि कल्याणकरांच्या तर नाहीच. तिच्यातली एक बाब मात्र मला नेहमी खटकते. साऱ्या कथेत त्या स्त्रीच्या वाट्याला स्वतःची अशी एकही कृती येत नाही. तिला पकडतात, आणतात, उभी करतात, सोडतात. तिची सुटका हे दुसऱ्याचे औदार्य आहे.

त्याच काळातली पुरुषाची सुटका आपल्या साधनांनी कशी नोंदवली आहे, ते शेजारी ठेवून पाहावे. कल्याण-भिवंडी १६५७च्या ऑक्टोबरात महाराजांच्या ताब्यात आली. त्यानंतर दोन वर्षांनी, १० नोव्हेंबर १६५९ रोजी, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची भेट झाली. वाघनखांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्या भेटीत मुळात एक पकड होती, आणि ती सोडवावी लागली, याकडे दुर्लक्षच होते.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत खान आलिंगनाच्या निमित्ताने महाराजांची मान काखेखाली दाबतो आणि जमदाड कुशीत चालवतो. ती अंगाला लागत नाही, कुडत्यावरून खरखरत जाते. मग महाराज डाव्या हातातले वाघनख खानाच्या पोटात चालवतात, उजव्या हाताच्या बिचव्याचा वार करतात, आणि त्यानंतर मान हिसडून मोकळी करून चौथऱ्याखाली उडी घेतात. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'त (स. म. दिवेकरांनी ते १९२७मध्ये प्रसिद्ध केले) क्रम उलटा आहे. खान डाव्या हाताने मान धरतो, उजव्याने कट्यार कुशीकडे नेतो. बाहुयुद्धात निष्णात असलेला राजा आधी मान सोडवून घेतो, अंग जरासे आकसून घेतो आणि वार चुकवतो.

दोन साधनांतला हा फरक किरकोळ वाटेल, पण आखाड्यात उतरलेल्या माणसाला तो तसा वाटणार नाही. काखेत घट्ट दाबलेली मान नुसत्या ओढण्याने सुटत नाही. ओढावे तसा विळखा गळ्याशी अधिक आवळतो. आधी धरणाऱ्याचे लक्ष आणि बळ दुसरीकडे वळवावे लागते, पकड ढिली पडते त्या क्षणी मान काढावी लागते. सभासदाचा क्रम या व्यवहाराशी जुळतो. मान काखेत नसून नुसती हाताने धरलेली असेल, तर परमानंदाचा क्रमही अशक्य नाही. कोणते वर्णन अधिक खरे, हा निकाल मी देत नाही. माझे लक्ष परमानंदाने वापरलेल्या कारणावर आहे. राजा सुटला, कारण त्याला बाहुयुद्ध येत होते. म्हणजे सुटणे ही शिकलेली गोष्ट होती, आणि ग्रंथात नोंदवण्याजोगी होती.

ती शिकवण्याची परंपरा जुनी आहे. चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लविनोद नावाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांचे प्रकार, त्यांचा आहार, त्यांचे श्रम आणि त्यांचे डाव येतात. (सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, आमच्या खाडीकाठच्या कल्याणशी तिची गल्लत करू नये. ती वारंवार होते.) पुढे दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' काढला, तेव्हा कुस्तीबरोबर बिनोट आणि बंदेशही त्यात घेतले. शस्त्रधाऱ्याला मोकळ्या हाताने किंवा क्षुल्लक साधनाने आवरण्याची विद्या म्हणजे बिनोट. त्याचा जीव न घेता त्याला निष्प्रभ करण्याची विद्या म्हणजे बंदेश. तालमीत डाव शिकवताना त्याची तोडही शिकवतात. तोड माहीत नसलेला पठ्ठ्या अर्धाच शिकलेला, असे वस्ताद मानतात.

या तोडींच्या मुळाशी असलेली तत्त्वे मोजकी आहेत. मनगट धरले तर चार बोटे एका बाजूला आणि अंगठा दुसऱ्या बाजूला असतो. अंगठ्याची आणि बोटांची टोके जिथे भेटतात तिथे पकड सर्वांत कच्ची. आपला हात फिरवून त्याची अरुंद कड त्या फटीकडे आणायची, कोपर धरणाऱ्याच्या दिशेने न्यायचे आणि सारे अंग वळवायचे. हात ओढत बसायचे नाही. ओढण्यात दंडाची ताकद दंडाशी भिडते आणि अशक्त माणूस हरतो, वळण्यात आपल्या अख्ख्या शरीराची गाठ त्याच्या एका अंगठ्याशी पडते. मागून कमरेला मिठी पडली तर पाय फाकवून वजन खाली टाकायचे, कारण उचलला गेलेला माणूस निम्मा हरलेला असतो. गळ्याला विळखा पडू लागला तर हनुवटी छातीशी आणून श्वासाची वाट राखायची, बाकी सगळे नंतर. डोंबिवलीला सकाळच्या गर्दीत लोकलच्या डब्यात शिरणाऱ्या बाया कोपरे बरगडीशी घट्ट धरतात, पिशवी पुढे घेतात, अंग आकसतात. परमानंदाने वर्णिलेल्या त्या आकसण्याशी याचे नाते आहे, असे म्हटले तर कोणी हसू नये.

या विद्येच्या मर्यादाही इतिहासात दिसतात. वासुदेव बळवंत फडके पुण्याच्या लहुजी वस्तादांच्या तालमीत तयार झालेले. २० जुलै १८७९ रोजी देवर नावडगीला मेजर डॅनियलने त्यांना झोपेत पकडले. पुढे एडनला पाठवण्यापूर्वी ते ठाण्याच्या तुरुंगात होते. तोड चालवायला माणूस जागा असावा लागतो.

दुसरी मर्यादा मला अधिक महत्त्वाची वाटते. तालमीतला मल्ल लंगोटावर लढतो, केस बारीक कापतो. त्यामुळे वेणी, पदर, ओढणी यांच्या पकडीचा विचार आखाड्याच्या तोडींत येण्याचे कारणच नव्हते. रस्त्यात, फलाटावर, जिन्यात बाईला धरतात ते बहुधा नेमके यांनाच. स्त्रियांना तालमीत प्रवेश नव्हता एवढ्यावर हे थांबत नाही. प्रवेश असता तरी तिथल्या अभ्यासक्रमात त्यांचा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न अंशतः बाहेरच्या विद्येने सोडवला. जपानी जुजुत्सूत आणि जिगोरो कानोंनी १८८२पासून घडवलेल्या ज्युदोत अंगरख्याची पकड हा मूळ पाठच आहे. लंडनमध्ये मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांना एडिथ गॅरुड जुजुत्सू शिकवत, कारण पोलीस त्यांना धरून फरपटत नेत. रवींद्रनाथांनी १९२९मध्ये ताकागाकी या ज्युदोतज्ज्ञांना शांतिनिकेतनात आणले, तेव्हा मुलीही शिकायला उतरल्या. आपल्याकडे कराटे-ज्युदोचे वर्ग गल्लोगल्ली निघाले ते फार नंतर.

पण ठाणे जिल्ह्यातल्या मुलींना पकडीतून सुटण्याचे घरचे शिक्षण दिले ते कबड्डीने, असे माझे मत आहे. हा खेळ म्हणजे सुटकेचाच खेळ. चढाई करणारी एकटी, समोर सात जणी. घोटा, गुडघा, कंबर यांपैकी काहीही धरले जाईल, आणि तिला श्वास न तोडता मध्यरेषेला बोट लावायचे असते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६मध्ये बर्लिनला हा खेळ दाखवला, तेव्हा दाखवणारे पुरुष होते. पुरुषांची कबड्डी आशियाई स्पर्धांत १९९०ला बीजिंगमध्ये आली. स्त्रियांची यायला २०१०चे ग्वांगझू उजाडावे लागले. मधल्या वीस वर्षांचे समर्थन मला कुठे वाचायला मिळालेले नाही. ठाण्यात चरईच्या श्री मावळी मंडळाच्या मैदानावर राज्यस्तरीय सामने पाहणाऱ्यांना मात्र ठाऊक आहे की, मुलींच्या सामन्यातही घोट्याची पकड तितक्याच निर्दयपणे पडते आणि तितक्याच चलाखीने सुटते.

कबड्डीचे दोन नियम इथे नोंदवावेसे वाटतात. चढाई करणारीचे तोंड दाबून तिचा दम तोडणे हा नियमभंग आहे. कपडे किंवा केस धरणे हाही नियमभंग आहे. मैदानावर जे निषिद्ध, तेच अंधाऱ्या जिन्यात पहिल्यांदा घडते. म्हणून निव्वळ कबड्डीपटू मुलीलाही काही गोष्टी वेगळ्या शिकाव्या लागतात. केस धरले तर डोके मागे ओढायचे नाही; दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, म्हणजे हिसका टाळूला बसत नाही, आणि मग त्याच्या दिशेने वळायचे. ओढणी धरली तर ती सोडून द्यायची. हे शेवटचे वाक्य सोपे दिसते, पण ओढणी सावरण्याचे संस्कार लहानपणापासूनचे असतात आणि हात आपोआप तिकडेच जातो.

डोंबिवलीत एका शाळेच्या सभागृहात असा वर्ग मी पाहिला. मुलींना खेळाचे कपडे घालून यायला मनाई होती. कॉलेजला जाताना जे घालता तेच घाला, पाठीवर पिशवी आणा, केस बांधता तसेच बांधा, असे सांगितले होते. पहिला अर्धा तास फक्त ओरडण्यात गेला. सुरुवातीला आवाज निघेना. मुली एकमेकींकडे बघून हसत होत्या. नंतर मनगटाची पकड आली. एका बारीकशा मुलीला चौथ्या खेपेला ती फट सापडली, हात सुटला, आणि ती खुशीत मैत्रिणींकडे वळली.

"सुटल्यावर तिथेच उभी राहिलीस ना?" शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या. "सुटलं की आधी चार पावलं लांब."

मग त्यांनी तिचे तेच मनगट दोन्ही हातांनी धरले. मुलगी ओढू लागली, थांबली, खाली पाहिले. मग मोकळा हात त्यांच्या दोन हातांमधून घालून तिने स्वतःचीच मूठ धरली आणि कोपर वर घेत खांद्याकडे उपसली. या वेळी ती मैत्रिणींकडे वळली नाही. थेट दारापर्यंत पळाली.