'समक्ष' : एका शब्दाचा इतिहास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांना वंदन करून मी आज एका लहानशा शब्दाचा इतिहास मांडणार आहे. तो शब्द 'समक्ष'.

साक्षीपुरावा आरोपीच्या समक्ष घ्यावा, असे १८९८ च्या फौजदारी संहितेचे ३५३ वे कलम सांगत होते. १९७३ च्या संहितेतील २७३ व्या कलमाने तोच दंडक पुढे चालविला. आपल्या पाठीमागे कोण काय बोलले हे न कळता कोणासही शिक्षा होऊ नये, हा त्यामागील हेतू.

पुढे मुंबईतील वैद्यकीय हलगर्जीपणाच्या एका खटल्यात पेच उद्भवला. अमेरिकेतील तज्ज्ञ डॉक्टर साक्ष देण्यास राजी होते, भारतात येण्यास नव्हते. दंडाधिकाऱ्यांनी पडद्याद्वारे साक्ष घेण्यास अनुमती दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अखेर १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की साक्षीदार दिसतो, ऐकू येतो, त्याची उलटतपासणी घेता येते. तेव्हा ही उपस्थिती समक्षच होय. याच वाटेने २०१६ मध्ये डेव्हिड हेडलीची साक्ष अमेरिकेतून मुंबईच्या न्यायालयात नोंदली गेली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने तर ही वाट राजमार्गच केली आहे.

आपल्या सीमाभागास न्यायासाठी अंतर तोडणे नवीन नाही. १९५६ पूर्वी बेळगाव-निपाणीची अपिले मुंबईस जात, मग बंगळूरला, आणि २००८ पासून धारवाडला. पडदा हे अंतर मिटवितो, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो.

परंतु दुसरे एक अंतर भाषेचे आहे. आरोपीस न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, हे १८९८ चे ३६१ वे कलम, १९७३ चे २७९ वे आणि आजचे ३१४ वे कलम एकमुखाने बजावते. हिंडलग्याच्या कारागृहात पडद्यासमोर बसविलेल्या मराठी शेतमजुरास कानडी साक्ष कोणी समजावून द्यावी? न्यायालयात त्याच्या शेजारी उभे राहून वकील कानात चार शब्द सांगू शकतो. पडद्यापलीकडे ती सोय आवर्जून करावी लागते. दुभाषा आणि वकिलाशी खाजगीत बोलण्याची मुभा दोन्ही हवीत.

या शाळेतून पुढे वकिली आणि न्यायदानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच मागणे आहे : पडदा उजळला की आरोपीला प्रथम विचारा, "बाबा, तुला कळते आहे ना?" त्याचे उत्तर मिळाल्यावरच साक्ष सुरू व्हावी.