विजयाचं नाणं, हरलेल्यांच्या हातात

पेपर नाही, टीव्ही नाही, अशा काळात सम्राटाचा निरोप घरोघरी पोचवायचा कसा? रोमनांचं उत्तर सोपं होतं: नाण्यावर छापा!

इ.स. ७० मध्ये टायटसने जेरुसलेम जिंकलं. ज्यूंचं मंदिर जळून खाक झालं. मग रोममध्ये 'ज्युडिया जिंकला' अशी लॅटिन नाणी निघाली. ठीक आहे, जिंकणारे मिरवणारच. पण खुद्द ज्युडिया प्रांतातही रोजच्या व्यवहारासाठी तशीच ब्राँझची नाणी पाडली गेली. मजकूर ग्रीक, कारण पूर्वेकडे तीच भाषा चालायची. एका बाजूला टायटस. दुसऱ्या बाजूला नाइकी, म्हणजे पंखवाली ग्रीक विजयदेवता, खजुराच्या झाडावरच्या ढालीवर लिहितेय. खजुराचं झाड म्हणजे ज्युडियाची खूण. काही नाण्यांवर तर शोक करत बसलेली बंदिवान बाई. म्हणजे बघा, बाजारात साधं धान्य घ्यायचं तरी आपल्याच पराभवाचं चित्र मोजून द्यायचं.

पुढे १३२ ते १३५ मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी बंड केलं. त्यांनी चलनातलीच नाणी घेऊन त्यांवर आपला छाप ठोकला. चांदीच्या नाण्यांवर मंदिर, ब्राँझवर तेच खजुराचं झाड, सोबत 'जेरुसलेमच्या मुक्तीसाठी' हे शब्द. चक्क ओव्हरराइट!

रोमने बंड चिरडलं. नाणी मात्र उरली. काहींवर नव्या छापाखाली जुना सम्राट अजून पुसटसा दिसतो. जेत्यांचा आणि बंडखोरांचा इतिहास, नाण्याच्या एकाच बाजूवर.