उष्णतेची लाट, झळा आणि नवतपा: उन्हाळी अंदाजातील शब्दांचे अर्थ

गांधीबाग ही नागपुरातील कापडाची मोठी ठोक बाजारपेठ. मे महिन्याच्या भर दुपारीही इथे हमाल आणि हातगाडीवाले माल वाहत असतात. उघड्यावर राबणाऱ्यांनी हवामानाच्या अंदाजातील पुढील शब्दांचे नेमके अर्थ समजून घेणे गरजेचे आहे.

कमाल तापमान: दिवसभरातील सर्वाधिक तापमान. ते जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजतात. म्हणजे जाहीर होणारा आकडा सावलीतील हवेचा असतो. उन्हातील डांबरी रस्ता त्याहून बराच जास्त तापतो.

उष्णतेची लाट: भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान 40 अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी जास्त असेल, तर ती लाट. फरक याहून मोठा असेल, तर तीव्र लाट. पारा 45 अंशांवर पोहोचल्यास सरासरी न पाहताही लाट आणि 47 अंशांवर तीव्र लाट धरतात. विदर्भासारख्या हवामान उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस निकष पूर्ण झाले, की दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. त्यामुळे घोषणा झाली नाही म्हणून ऊन बाधणार नाही, असे नव्हे.

वाऱ्याची दिशा: वारा जिकडून येतो, ती त्याची दिशा. वायव्येचा वारा वायव्येकडून येतो. उन्हाळ्यात त्या बाजूने येणारा कोरडा, तापलेला वारा म्हणजे झळा. हिंदीत त्यालाच लू म्हणतात.

सापेक्ष आर्द्रता: त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ते प्रमाण. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने सुकते, म्हणून मे महिन्यात कूलर गार हवा देतो. पावसाळ्यात तोच कूलर फारसा उपयोगी पडत नाही. घामाचेही तसेच: दमट हवेत तो वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही.

नवतपा: सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे, साधारण 25 मेपासूनचे नऊ दिवस. ही पंचांगातील कल्पना आहे, हवामान विभागाची संज्ञा नाही. लाट त्याआधीही येऊ शकते.

इशाऱ्याचे रंग: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने काळजी घ्या. नारिंगी किंवा लाल इशारा असेल, त्या दिवशी मालाची चढ-उतार सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर करणे हिताचे.