आजीचा गिअर

सिंहगडाच्या घाटात मी सायकलवरून उतरलो ती जागा मला अजून दाखवता येईल. पायथ्यापासून वाहनतळापर्यंतचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ अर्धाही झाला नव्हता. पेडल खाली जायलाच तयार नव्हतं. तेवढ्यात शेजारून साठीचे एक काका गेले. वेग जेमतेम, पण पाय भराभर फिरत होते आणि श्वास जागेवर. माझ्या सायकलकडे नजर टाकून म्हणाले, "काय रे, गुडघे भाड्याने आणलेत का?"

सायकल सेकंडहँड होती. पेडलजवळच्या दोन चकत्यांना ५३ आणि ३९ दाते, मागच्या कॅसेटमधल्या सर्वांत मोठ्या चकतीला २५. विकणारा म्हणाला होता, "रेसरचा सेटअप आहे." ते ऐकून मला बरं वाटलं होतं. मागे मोठी चकती लावायचा सल्ला मित्रानं दिला, तेव्हा मी हसलो होतो. आमच्या ग्रुपमध्ये त्या गिअरला 'आजीचा गिअर' म्हणतात. पुढचे दोन महिने उजवा गुडघा दुखत होता. त्या सक्तीच्या रजेत मी या हसण्याचा इतिहास वाचत बसलो.

तो फ्रान्समध्ये सुरू होतो. सेंत-एतिएन या गावाजवळ कोल द ला रेपुब्लिक नावाची ११६१ मीटर उंचीची खिंड आहे. रेशमाचे व्यापारी पॉल द विवी हा चढ एकाच गिअरच्या सायकलवर चढायचे. एकदा पाइप ओढत निघालेल्या एका तरुणानं त्यांना घाटात मागे टाकलं, असं सांगतात. त्यांनी पुढे एकाऐवजी दोन चकत्या बसवल्या. चेन एकीवरून दुसरीवर न्यायची तर खाली उतरून हातानं उचलावी लागे. तरीही एकाच सायकलवर दोन गिअर झाले, एक सपाटीचा आणि एक डोंगराचा. १८८७ मध्ये त्यांनी सायकलींचं एक मासिक सुरू केलं होतं. त्यात 'वेलोसिओ' या नावानं ते आयुष्यभर गिअरची बाजू मांडत राहिले.

समोर होते आंरी देग्रांज, 'लोटो' या वृत्तपत्राचे संपादक. १९०३ मध्ये तूर द फ्रान्स सुरू करणारे हेच. गिअर बदलणं हे पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचं काम, खऱ्या स्वारानं स्नायूंच्या जोरावर जिंकावं, असं त्यांचं मत. १८९३ मध्ये त्यांनी स्वतः पॅरिसच्या ट्रॅकवर तासाभरात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापून विक्रम केला होता. ट्रॅक सपाट असतो. सपाटीवर घडलेल्या माणसानं डोंगराचे नियम ठरवले.

त्याची किंमत स्वारांनी मोजली. १९१० मध्ये शर्यत पहिल्यांदा पिरेनीजच्या उंच खिंडींत गेली. २११५ मीटरच्या तूरमालेवर ऑक्ताव्ह लापिझ पहिला पोचला, पण वाटेत काही अंतर सायकल ढकलत. त्याच दिवशी पुढच्या ओबिस्क खिंडीत त्यानं आयोजकांना खुनी म्हटलं. पुढे ती शर्यत त्यानंच जिंकली. गिअर बदलण्याची तेव्हाची सोय अशी: मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांच्या चकत्या. डोंगर आला की थांबायचं, नट सैल करायचे, चाक काढून उलटं बसवायचं. माथ्यावर पुन्हा तेच.

हौशी पर्यटक मात्र तोवर डिरेलर वापरू लागले होते. म्हणजे सहलीला निघालेल्या माणसाची सायकल जगातल्या सर्वांत मोठ्या शर्यतीतल्या सायकलपेक्षा पुढारलेली होती. १९३६ मध्ये आजारी देग्रांज यांनी सूत्रं झाक गोदे यांच्याकडे सोपवली. १९३७ मध्ये डिरेलरला परवानगी मिळाली आणि त्या वर्षी रोजे लापेबी जिंकला. वेलोसिओ ते पाहायला नव्हते. १९३० मध्ये सेंत-एतिएनमध्येच ट्रामच्या धडकेत त्यांचा मृत्यू झाला होता. त्यांच्या लाडक्या खिंडीत आज त्यांचं स्मारक आहे.

हे वाचून मी कागद-पेन घेतलं. ३९ भागिले २५ म्हणजे १.५६. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेरीत सायकल सव्वातीन मीटर जाते. चढावर माझा वेग ताशी ८ किलोमीटर. तेवढ्यासाठी मिनिटाला जेमतेम ४१ फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी जड. पुढे ३४, मागे ३२ लावले, तर एका फेरीत सव्वादोन मीटर, आणि त्याच वेगाला मिनिटाला ६० फेऱ्या. डोंगर चढायचं काम तेवढंच राहतं. ते थोड्या मोठ्या घासांत खायचं की पुष्कळ लहान घासांत, एवढंच गिअर ठरवतो. मोठे घास गुडघ्याला बाधतात.

म्हणून गिअर निवडताना मी आता उलटीकडून सुरुवात करतो. आपल्या वाटेवरचा सर्वांत अवघड चढ कोणता? दमलेलो असताना तिथं माझा वेग किती असतो? त्या वेगाला साठ-सत्तर फेऱ्या देईल तो माझा सर्वांत हलका गिअर. मग तेवढी मोठी चकती मागचा डिरेलर पेलतो का, आणि चेनची लांबी पुरते का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यायचं. माझ्या सायकलचा पेलत नव्हता. पुढचा क्रँक, मागची कॅसेट, डिरेलर आणि चेन, सगळंच बदललं. गुडघ्याच्या फिजिओथेरपीपेक्षा ते स्वस्त पडलं असतं, पण मी क्रम चुकवला होता.

आज तूरमधले स्वारसुद्धा डोंगराच्या टप्प्यांवर मागे ३० किंवा ३४ दात्यांची चकती लावतात. त्यांना कुणी हसत नाही. आमच्या ग्रुपमधला विनोद मात्र चालूच आहे. त्यात देग्रांज यांची पंचेचाळिशीची अट अजून बोलते, फक्त माणसाच्या जागी आजी आली आहे.

गेल्या रविवारी मी न उतरता गडावर पोचलो. शेवटच्या वळणावर एक मुलगा सायकल धरून उभा होता, मान खाली. काकांचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं, थांबलो आणि विचारलं, "मागे किती दाते आहेत रे?"