वाड्यातून सोसायटीत : शाळेच्या दप्तरातून दिसलेले बडोदे

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने कार्यालयातील लोखंडी कपाट रिकामे करावे लागले. साठ वर्षांचे प्रवेश अर्ज सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत होते आणि जनरल रजिस्टरे लाल कापडी बांधणीत. एरवी ही दप्तरे आम्ही कोणाची जन्मतारीख किंवा दाखला शोधण्यापुरतीच उघडतो. या वेळी मी ती सलग वाचली. त्यातही दोनच रकाने वाचले : अर्जावरील ‘पत्ता’ आणि रजिस्टरातील ‘शाळा सोडल्याचे कारण’. माझा विषय इतिहास, त्यामुळे आधी सहज म्हणून वाचू लागले आणि मग थांबता आले नाही. प्रस्तुत लेख त्या दोन रकान्यांचा आहे.

पहिल्या गठ्ठ्यातील पत्ते आजच्या मुलांना पत्ते वाटणारच नाहीत. घरक्रमांक नाही, पिनकोड नाही. अमुक यांचा वाडा, दांडिया बाजार, तमुक यांच्या वाड्यात माडीवर, रावपुरा, बाबाजीपुरा, विहिरीजवळ. टपालवाल्याला एवढे पुरत असे, कारण शहरच तेवढे होते. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले आणि त्यांच्यामागून सरदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी दक्षिणी मंडळी येऊन स्थिरावली. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती लाखाच्या थोडी वर होती. सयाजीराव महाराजांनी १८७५ ते १९३९ या दीर्घ कारकिर्दीत आजव्याचे पाणी, न्यायमंदिर, महाविद्यालय, ग्रंथालये अशी आधुनिक राजधानी उभी केली, तरी माणसे राहत होती ती पोळींत आणि वाड्यांत. १९१६ मध्ये पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने बडोद्याच्या विकासावर अहवाल लिहिला. जुन्या गल्ल्या सरसकट फोडून रुंद रस्ते काढण्याला या गृहस्थाचा विरोध असे. मोडकळीला आलेले तेवढेच काढावे आणि वस्ती जागची हलवू नये, हे त्याचे सूत्र होते. ते आपण फारसे ऐकले नाही.

वाडा म्हटला की आपल्याला तांबेकरांचा वाडा आठवतो. भाऊ तांबेकर हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या वाड्यातील भित्तिचित्रे आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. पण आपल्या शाळेची मुले ज्या वाड्यांतून आली, त्यांत चित्रे नव्हती. विटांचे जोते, सागवानी खांब, मध्ये चौक, चौकात तुळस आणि विहीर, भोवती पाच-सात बिऱ्हाडे. मालक माडीवर, भाडेकरू खाली. दोन खोल्यांत सहा-सात माणसे राहत, आणि एकाच्या घरचे लोणचे घातल्याचे सर्वांना कळे. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सकाळी संडासाची रांग असे, सासुरवाशिणींना खासगीपणा नसे आणि कोणत्या बिऱ्हाडाला चौकातील पाणी चालते व कोणाला नाही, याचेही अलिखित नियम असत. तरीही एक गोष्ट खरी : मूल सहा वर्षांचे झाले की कोणत्या शाळेत घालायचे, हा प्रश्न कोणाला पडत नसे. वाड्यातील थोरली मुले ज्या शाळेत जात, त्या शाळेत धाकट्याचा हात धरून घेऊन जात. आमच्या जुन्या अर्जांवर एकाच पत्त्याची पाच-सहा नावे लागोपाठ येतात, ती यामुळे.

वाडे का गेले, याचे उत्तर आपण ‘काळ बदलला’ असे देतो. हे उत्तर आळशीपणाचे आहे. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले आणि भाडे-नियंत्रणाचा कायदा येथेही आला. भाडे गोठले, भाडेकरू निश्चिंत झाला आणि मालक हताश. महिन्याचे सर्व भाडे एकत्र केले तरी एका पावसाळ्यातील कौले शाकारून होत नसत. उघड भाडे वाढेना, म्हणून पागडी आली. मालक वारला की वारस वाढत. १ मे १९६० ला गुजरात राज्य झाल्यावर अनेक घरांतील पुढची पिढी पुण्या-मुंबईकडे गेली होतीच. त्यामुळे सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आठ-दहा नावे आणि बडोद्यात राहणारे त्यांपैकी एक, अशी स्थिती झाली. दुरुस्तीला कोणी पैसा देईना. शेवटी सेवासदनाची ‘इमारत धोकादायक’ अशी नोटीस लागे आणि तिच्या मागोमाग बिल्डर येई.

याच सुमारास शहराबाहेर दुसरे शहर उगवत होते. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. त्याआधी १९६२ मध्ये खतकारखान्याची कंपनी स्थापन झाली होती, पुढे १९६९ मध्ये पेट्रोकेमिकल्सची झाली. मकरपुऱ्याला औद्योगिक वसाहत आली. आपली शाळा याच लाटेवर जन्मली, हे विसरू नये. शाळेच्या पहिल्या दशकात जुन्या दक्षिणी घरांतील मुलांबरोबर खानदेशातून, नाशकाकडून नोकरीसाठी आलेल्या कामगारांची मुले मोठ्या संख्येने दिसतात. वाड्यातील मराठी आणि वसाहतीतील मराठी एका बाकावर प्रथम आली ती आपल्या शाळेत. या मेळाविषयी कोणीतरी स्वतंत्र लिहावे.

नोकरदारांनी सहकारी सोसायट्या काढल्या. सहकार बडोद्याला नवा नव्हता. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये येथे ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ स्थापिली, ती देशातील पहिली सहकारी पतसंस्था मानली जाते. आता तोच मार्ग घरासाठी उपयोगी पडला. जमीन एकत्र घ्यायची, बिनखेती करून घ्यायची आणि प्रत्येकाने ‘टेनामेंट’ बांधायचे. हा शब्द मुंबईकर पाहुण्याला चाळीसारखा वाटतो, पण आपल्याकडे टेनामेंट म्हणजे पुढे छोटे अंगण, मागे चौकडी आणि गच्चीवर जाणारा जिना असलेले स्वतःचे घर. सत्तरच्या दशकापासून अर्जांवर हेच पत्ते दिसू लागतात : मांजलपूर, कारेलीबाग, सुभानपुरा.

त्यांतील एक पत्ता माझाही आहे. आमचे बिऱ्हाड दांडिया बाजारातील एका वाड्यात होते. मी नववीत असताना वाडा विकला गेला. मालकांनी भाडेकरूंना एकेक करून माडीवर बोलावले. खोल्या सोडण्याबद्दल कोणाला किती मिळाले, हे कोणी कोणाला सांगितले नाही. ज्या चौकात लोणच्याचे गुपित राहत नसे, तेथे हे गुपित राहिले. वडिलांनी रक्कम घेतली, त्यात फंडातील पैसे घातले आणि मांजलपूरला टेनामेंट घेतले. आईला प्रथमच स्वतःचे स्वयंपाकघर मिळाले, ती आनंदाने रडली. मी मात्र शाळा सोडणार नाही म्हणून हटून बसले आणि दोन वर्षे सिटी बसने आले-गेले. माझ्या धाकट्या भावासाठी तो हट्ट कोणी केला नाही. रजिस्टरात त्याच्या नावासमोर ‘निवासस्थान बदल’ असे लिहिले आहे. वडिलांनी ते पैसे घ्यायला नको होते, असे मला कधी वाटले नाही. आजही वाटत नाही.

सोसायट्यांनी घरे दिली, पण शेजार निवडण्याची मुभाही दिली. सभासदत्व विशिष्ट समाजापुरते ठेवणारी उपविधी चालू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात दिला. शिवाय गुजरातच्या १९९१ च्या अशांत क्षेत्र कायद्यानुसार घोषित विभागात घर विकण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आपल्या शहराचे काही भाग त्यात येतात. घाबरून, पडेल भावात घरे विकावी लागू नयेत हा त्याचा उद्देश. प्रत्यक्षात मोहल्ले अधिकच वेगळे होत गेले. आमच्या जुन्या वर्गांत वाडी आणि पाणीगेटकडील मुस्लिम मुली मराठीत कविता म्हणत. त्यांचे पत्ते रजिस्टरातून कधी नाहीसे झाले, हे मी तारखेनिशी दाखवू शकते.

नव्वदीनंतरचा इतिहास आपण सर्व जाणता. कमाल जमीनधारणा कायदा गुजरातमध्ये १९९९ मध्ये रद्द झाला, टीपी स्कीमा मंजूर होत गेल्या आणि गोत्री-वासणापलीकडील शेते इमारतींखाली गेली. रेल्वेच्या पश्चिमेला भाव चढे, पूर्वेला उतरते, ही वाटणी पक्की झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये जंत्रीचे दर दुप्पट झाले तेव्हा दस्तावेज आधी उरकून घेण्यासाठी किती पालकांनी माझ्याकडे मुलांच्या रजेचे अर्ज दिले, ते पाहून मी चकित झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी घरांत शिरले, आणि घर पाहायला जाणारा माणूस पाण्याची खूण कोठवर आली होती, हे विचारू लागला.

पट कमी का झाला, असे प्रत्येक मेळाव्यात विचारले जाते आणि ‘इंग्रजी माध्यम’ असे उत्तर तयार असते. रजिस्टर वेगळे सांगते. सोडण्याच्या कारणात माध्यमबदल फार उशिरा येतो. त्याआधी कितीतरी वर्षे पानामागून पाने ‘निवासस्थान बदल’ आहे. घर आधी हलले. मग रिक्षाचे भाडे परवडेना, लहान मुलाला दोन ठिकाणी बस बदलता येईना, आणि नव्या सोसायटीच्या दारात जी शाळा होती ती इंग्रजी होती. पालकांनी मराठी सोडली असे मी म्हणणार नाही. मराठी शाळा त्यांच्या मागे गेली नाही.

आता शेवटची गोष्ट. ती स्मरणिकेत लिहावी की नाही याबद्दल संपादक मंडळात दुमत होते. शाळेचा भूखंड आज मोक्याच्या जागी आहे. त्याच्या मोबदल्यात शहराच्या नव्या भागात मोठे मैदान, नवी इमारत आणि वर रक्कम देण्याचा प्रस्ताव संस्थेकडे आला आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आला असता तर मी डोळे मिटून विरोध केला असता. आज मी गेल्या पाच वर्षांचे प्रवेश अर्ज घेऊन नकाशावर टाचण्या लावत आहे. तांबड्या टाचण्या जुन्या शहरात, निळ्या बाहेर. तांबड्या टाचण्या बहुतेक घरकाम करणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या कुटुंबांच्या आहेत. जुन्या वाड्यांच्या उरलेल्या खोल्यांत आता ती राहतात, आणि शाळा हलली तर त्यांच्या मुलांच्या नावासमोर कोणते कारण लिहायचे, हे मला ठरवता आलेले नाही. दिवाळीनंतर विश्वस्तांची बैठक आहे. नकाशा कार्यालयात भिंतीवर लावला आहे; माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी येऊन पाहावा, आणि आपली टाचणी चुकीच्या जागी असेल तर ती स्वतः हलवावी.